सॅफायरचं सिंहासन, मिकुरीचा पगार

रियोको इकेदाबाईंनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून काही जात नाही. सत्तरच्या दशकात त्या मुलींच्या साप्ताहिकासाठी कॉमिक्स काढायच्या, ती तुफान चालायची, पण मानधन मात्र पुरुष चित्रकारांच्या निम्मं. का, म्हणून विचारलं तर उत्तर काय, तर तुम्ही उद्या लग्न करणार, नवरा पोसणार तुम्हाला, त्या बिचाऱ्यांना बायका पोसायच्या असतात, मग त्यांना दुप्पट नको का! आणि हे ज्या बाईला ऐकवलं जात होतं ती त्याच काळात कागदावर काय काढत होती, तर फ्रेंच राजवाड्याच्या पहाऱ्यावरची एक अधिकारी, कमरेला तलवार, हाताखाली पुरुष शिपाई, आणि ही बाई त्यांना हुकूम सोडतेय.

शोजो मांगा म्हणजे मुलींची जपानी कॉमिक्स म्हटलं की मला आधी ही विसंगती आठवते. मोठे डोळे, डोळ्यांत चांदण्या, मागे उगाच उमललेले गुलाब, हे सगळं नंतर.

जपानमध्ये कॉमिक्स मासिकांचे कप्पे ठरलेले असतात. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, मोठ्या बायकांची अजून वेगळी. ‘रिबोन’ आणि ‘नाकायोशी’ ही शाळकरी मुलींची दोन मासिकं पन्नासच्या दशकाच्या मध्यात निघाली ती आजही चालू आहेत, आणि नव्वदच्या दशकात एकट्या ‘रिबोन’चा खप पंचवीस लाखांच्या वर गेला होता. सोबत फुकट कागदी वस्तू, पिशव्या, पत्र लिहायचे गोडगोड कागद वगैरे. मी पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा आमच्या सेन्सेईंनीच, म्हणजे शिक्षकांनीच, ही मासिकं वाचा म्हणून सांगितलं, कारण शाळकरी वाचकांसाठी असल्यामुळे प्रत्येक कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षराच्या, बाजूला तिचा उच्चार बारीक अक्षरात छापलेला असतो, डिक्शनरी उघडायला लागत नाही. मी अभ्यास म्हणून सुरू केलं. अभ्यास राहिला बाजूला, मी त्यात जी अडकले ती अडकलेच.

आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात यायला लागली. या बायका आपल्याला जे म्हणायचंय ते कितीतरी वर्षं दुसऱ्याच कुणाचा तरी पोशाख चढवून म्हणत होत्या. मुलाचा पोशाख, फ्रेंच पोशाख, जर्मन शाळेचा युनिफॉर्म, अगदी चांद्रयोद्धीचा स्कर्टसुद्धा. साध्या घरगुती कपड्यांतली बाई आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून तोंड उघडायला लागली ती फार उशिरा.

थोडं मागे जाते. १८९९ साली जपान सरकारने मुलींच्या उच्च शाळांचा कायदा केला आणि त्या शाळांचं ध्येय होतं चांगली बायको आणि शहाणी आई तयार करणं. शाळा सुटायची आणि लग्न व्हायचं, त्यामधली जी काही थोडी वर्षं होती ती या मुलींची स्वतःची. त्या वर्षांसाठी मासिकं निघाली, ‘शोजो नो तोमो’ १९०८ चं. नोबुको योशियाबाईंच्या मुलीमुलींमधल्या उत्कट मैत्रीच्या कथा त्या काळात मुली अक्षरशः पाठ करायच्या. घरच्यांना त्यात काही गैर वाटत नसे, कारण लग्न ठरलं की हे आपोआप संपणार असं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. योशियाबाईंनी स्वतः मात्र ते संपवलं नाही, त्या आयुष्यभर एका स्त्री-साथीदारासोबत राहिल्या. असो, तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

मग युद्ध, मग पराभव, आणि १९५३ मध्ये मांगाकार ओसामु तेझुकाची नायिका, सॅफायर. तेझुका लहानपणी ताकाराझुका गावात वाढला, जिथे १९१३ मध्ये एका रेल्वे कंपनीच्या मालकाने गाडीला गर्दी व्हावी म्हणून फक्त मुलींची नाटक मंडळी काढली होती. नायकही मुलीच, खलनायकही मुलीच, आणि त्यातल्या पुरुष भूमिका करणाऱ्या नट्यांवर बायका फिदा. आपल्याकडे त्याच सुमाराला बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर येत होते आणि तिकडे बरोब्बर उलटं चाललं होतं! फक्त एक अट, ती आजही आहे: मंडळीत अविवाहितच राहायचं. लग्न केलंत की बाहेर.

ही नाटकं आईचा हात धरून बघत मोठा झालेला तेझुका सॅफायर काढतो. एका देवदूताच्या खोडसाळपणामुळे राजकन्येला मुलाचं आणि मुलीचं अशी दोन हृदयं मिळालेली, आणि राज्यात मुलीला गादी मिळत नाही म्हणून ती राजपुत्र बनून राहते. परीकथा वाटते ना? पण जपानचा राजघराण्याचा कायदा १९४७ चा आहे आणि त्यात गादी फक्त पुरुषाला, तीही पुरुषाच्याच वंशातून. आजच्या सम्राटांना एकच मुलगी आहे आणि ती गादीवर बसू शकत नाही. म्हणजे सॅफायरच्या राज्याचा नियम छापून आला तेव्हा तो देशाच्या कायद्यात होता आणि अजूनही आहे. गोष्टीत शेवटी सॅफायरचं मुलाचं हृदय जातं आणि ती राजपुत्राशी लग्न करते. मला हा शेवट कधीच आवडला नाही. इतकी छान तलवारबाज पोरगी, आणि शेवटी तिला गाऊन घालून उभी केली.

तेव्हा मुलींची कॉमिक्स काढणारे बहुतेक पुरुषच होते हेही सांगायला हवं. साठच्या दशकात चित्र बदलायला लागलं आणि त्यात व्हॉलीबॉलचाही हात आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मुलींनी रशियाला हरवून सुवर्ण जिंकलं. संघातल्या बहुतेक जणी एका कापड गिरणीच्या कर्मचारी, दिवसा ऑफिसात काम आणि मग मध्यरात्र उलटेपर्यंत सराव. सगळा देश टीव्हीला चिकटून होता. आणि त्यानंतर काय, तर कॅप्टन मासाए कासाई तिशी ओलांडलेली आणि अजून अविवाहित, हीच मोठी चिंता. शेवटी पंतप्रधान साटो यांनीच मध्यस्थी करून तिला एक लष्करी अधिकारी दाखवला आणि १९६५ मध्ये लग्न लागलं. देशाचा पंतप्रधान स्थळं बघतोय! सुवर्णपदक मिळवलं तरी मुलगी ‘उजवायची’ राहिलीच होती. पण १९६८ मध्ये चिकाको उरानो या बाईंची ‘अटॅक नंबर वन’ आली, व्हॉलीबॉलवरच, आणि तिच्यात मुली घाम गाळतात, पडतात, रडतात, एकमेकींशी ईर्ष्येने भांडतात, आणि हे सगळं कुणाचं मन जिंकायला नाही तर मॅच जिंकायला.

आता इकेदाबाई. १९४७ चा जन्म, कॉलेजात डाव्या विद्यार्थी चळवळीत, आणि १९७२ मध्ये ‘मार्गारेट’ साप्ताहिकात ‘व्हर्सायचा गुलाब’ सुरू. स्टेफान झ्वाइगने लिहिलेलं मारी आंत्वानेत या फ्रेंच राणीचं चरित्र वाचून त्यांच्या डोक्यात हे आलेलं. संपादकांचं म्हणणं, बायकापोरांना इतिहास कोण सांगत बसणार, चालणार नाही. चाललं. इतकं चाललं की १९७४ मध्ये ताकाराझुकाने त्याचं नाटक केलं आणि उताराला लागलेल्या त्या मंडळीत परत जीव आला.

नायिका खरं तर राणी असणार होती पण सगळं लुटून नेलं ऑस्करने. जनरल साहेबांना मुलीच मुली, म्हणून शेवटच्या मुलीला मुलगा म्हणून वाढवलं, ती ऑस्कर. सॅफायरसारखंच वाटेल पण फरक मोठा आहे. सॅफायर गुपित लपवत फिरते, ऑस्कर लपवत नाही, ती बाई आहे हे सगळ्या दरबाराला माहीत आहे आणि तरीही ती कमांडर आहे. एका प्रसंगावर मी दरवेळी थांबते. फ्रेंच राज्यक्रांतीची चाहूल लागलीय, म्हातारे वडील घाबरलेत, आता त्यांना वाटतं की हिचं लग्न लावून द्यावं म्हणजे निदान जीव तरी वाचेल. तिच्यासाठी ते मोठा नाचाचा समारंभ ठेवतात, शहरभरचे होतकरू नवरे नटूनथटून हजर, आणि ऑस्कर येते ती युनिफॉर्ममध्ये आणि जमलेल्या बायकांशीच नाचायला लागते. इथपर्यंत मजाच मजा. पण नंतर ती वडिलांसमोर उभी राहते आणि विचारते, मला तुम्ही साध्या मुलीसारखं वाढवलं असतं तर बहिणींसारखं पंधराव्या वर्षीच लग्न लावून दिलं असतं का? वडील गप्प होतात, मग हो म्हणतात. आणि ती त्यांचे आभार मानते. बाई असूनही मला इतकं मोठं जग बघायला दिलंत, माणूस म्हणून जगायला दिलंत, म्हणून.

हे वाचणाऱ्या मुली किती वर्षांच्या? बारा, चौदा. त्यातल्या कितीतरी जणींच्या घरी काही वर्षांनी पोहे-चहाचा जपानी अवतार होणारच होता. १९७० मध्ये टोकियोच्या रस्त्यांवर स्त्रीमुक्तीवाल्या बायका मोर्चे काढत होत्या, पत्रकं वाटत होत्या, पेपरवाले त्यांची टर उडवत होते. शाळकरी मुलीच्या हातात ते पत्रक पडण्याची शक्यता कमी. ‘मार्गारेट’ मात्र दर आठवड्याला पडत होतं, आणि त्यात क्रांतीच्या ऐन वेळी ऑस्कर आपली सरदारकी झुगारून लोकांच्या बाजूने जाते, वडिलांच्या घरच्या आयाच्या नातवावर प्रेम करते, म्हणजे नवरा स्वतःपेक्षा ‘वरचा’ हवा हा नियमही मोडते, आणि १४ जुलै १७८९ ला बास्तीयच्या तुरुंगासमोर गोळ्या लागून मरते. जपानी मुली धाय मोकलून रडल्या. तिचं दुःख खरंच एवढं मोठं होतं, का त्यांना कळलं होतं की असं जगायला मिळालेली आपल्या ओळखीतली एकुलती एक बाई गेली, मला सांगता येणार नाही.

इकेदाबाईंच्याच पिढीतल्या मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया तर एक पाऊल अजून पुढे गेल्या, त्यांनी मुलीच काढून टाकल्या. टोकियोच्या नेरिमा भागात एका जुनाट घरात दोघी एकत्र राहायच्या, बाकीच्या पोरीही येऊन-जाऊन, आणि तिथे रात्र-रात्र मांगा, सिनेमा, पुस्तकं यावर वाद. हागिओबाईंनी बोर्डिंग स्कूलची एक गोष्ट आधी मुलींच्या शाळेत घालून पाहिली, जमेना, चिकट व्हायला लागली, मग पात्रं मुलगे केली आणि सगळं मोकळं झालं. त्यातून पुढे १९७४ मध्ये ‘थॉमसचं हृदय’ आलं, जर्मन शाळा, सगळे मुलगे, प्रेम, अपराधीपणा, देव. ताकेमियाबाईंची १९७६ ची मालिका तर पहिल्याच पानावर दोन मुलगे बिछान्यात दाखवते, आणि ती छापून घेण्यासाठी त्या कित्येक वर्षं संपादकांशी भांडल्या. (याच ताकेमियाबाई पुढे क्योतोच्या एका विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, हे मला फार आवडतं.)

मुलींना मुलांच्या गोष्टी का आवडाव्यात यावर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मला वाटतं साधं आहे. मुलगी प्रेमात पडली की वाचणारीच्या डोक्यात लगेच हिशोब सुरू होतो, घरचे काय म्हणतील, दिवस गेले तर, लग्न करेल का हा. मुलगे काढले की तो हिशोबच बंद, इच्छा म्हणजे नुसती इच्छा. पोशाख म्हटलं ते यासाठी.

पण हे सगळं वाचून असं वाटायला नको की शोजो मांगा म्हणजे एक बंडखोरीची रेल्वे, स्टेशनामागून स्टेशन पुढेच चाललीय. अजिबात नाही. त्याच सत्तरच्या दशकात ‘रिबोन’मध्ये दुसरीच लाट होती: चष्मेवाली, वेंधळी, स्वतःला कमी समजणारी मुलगी, आणि शेवटच्या पानावर तो हँडसम मुलगा म्हणतो की तू आहेस तशीच मला आवडतेस. संपलं. मुलीने काहीही करायचं नाही, फक्त कुणीतरी आपल्याला पसंत करेपर्यंत थांबायचं. हे सूत्र आजही जोरात आहे आणि खोटं का बोलू, थकून घरी आल्यावर मी पण तेच वाचते. गुदगुल्या होतात.

१९८५ मध्ये जपानने नोकरीतल्या समान संधीचा कायदा केला. कागदावर दारं उघडली, प्रत्यक्षात ऑफिसातल्या बायकांनी चहा द्यायचा आणि लग्न झालं की राजीनामा द्यायचा हे बरीच वर्षं चालू राहिलं. अशा वातावरणात १९९१ च्या शेवटी ‘सेलर मून’ आली, मघाशी म्हटलेली चांद्रयोद्धी ती हीच. काढणाऱ्या नाओको ताकेउची या फार्मसी शिकलेल्या. चौदा वर्षांची उसागी, रडकी, अभ्यासात ढ, खादाड, आणि जग वाचवायची जबाबदारी हिच्यावर. सोबत मैत्रिणींची टोळी, आणि टक्सिडो घातलेला हिरो गुलाब फेकून जातो खरा पण निम्म्या वेळा त्यालाच सोडवायला लागतं. इथे ताकदीसाठी मुलाचं सोंग घ्यावं लागत नाही, लिपस्टिक आणि लॉकेटसकट लढता येतं. त्यातून खेळण्यांच्या कंपन्यांनी बक्कळ पैसा केला हेही खरं.

पण त्या सगळ्या झगमगाटापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती हागिओबाईंचीच त्याच सुमाराची एक छोटी कथा, ‘इग्वाना मुलगी’. एक बाई बाळंत होते आणि तिला दिसतं की आपल्या पोटी इग्वाना जन्मलाय. सरडा. बाकी सगळ्यांना गोड मुलगी दिसते, आईला सरडा, आणि आई सतत तसंच वागवते म्हणून मुलीलाही आरशात सरडाच दिसतो. हागिओबाईंनी ते अगदी सरळ काढलंय: शाळेचा युनिफॉर्म घातलेला, दप्तर घेतलेला, अभ्यासात हुशार इग्वाना, बाजूला आईची लाडकी धाकटी बहीण, माणसासारखी. आई दोघींना कशी वेगळी वागवते हे बघताना हसू येतं आणि त्याच चौकटीत घशाशी काहीतरी येतं. ही सरडा-मुलगी, रिका, मोठी होते, लग्न करते, मुलगी होते तिला, साधी माणसासारखी, आणि तिला त्या बाळावर प्रेमच करता येत नाही. मग आई वारते. रिका शेवटचं दर्शन घ्यायला जाते आणि मेलेल्या आईचा चेहरा बघते, तर तो हुबेहूब इग्वानाचा.

इथे ना फ्रान्स ना तलवार. एक साधं जपानी घर आणि आईपण नावाची ती पवित्र गोष्ट, जिच्यासाठी १८९९ पासून मुलींना घडवलं जात होतं. स्वतःला जे लपवायला लागलं तेच आई लेकीत बघते आणि तिचा तिरस्कार करते, हे सांगायला एवढा एकच पोशाख लागला, सरड्याच्या कातडीचा. हागिओबाईंच्या स्वतःच्या आईवडिलांना त्यांचं मांगा काढणं कित्येक वर्षं पटलेलं नव्हतं हे कळल्यावर ती कथा परत वाचली मी.

शोजो वाचून मोठ्या झालेल्या मुलींसाठी मग बायकांची मासिकं वाढली. ‘नाना’ मध्ये एकाच नावाच्या दोन विशीतल्या पोरी टोकियोला निघालेल्या ट्रेनमध्ये भेटतात, एक पंक गायिका, एक प्रेमासाठी गाव सोडून आलेली, आणि दोघींची मैत्री हीच त्यातली खरी प्रेमकहाणी. २००९ मध्ये लेखिकेच्या आजारपणामुळे थांबली ती थांबलीच, आम्ही वाचक अजून आशाळभूतासारखे बसलोय. फुमी योशिनागाबाईंची ‘ओओकु’ तर सॅफायरला दिलेलं सणसणीत उत्तर वाटतं मला. एदो काळात, म्हणजे जपानवर शोगुन हे लष्करी सत्ताधीश राज्य करत होते तेव्हा, साथ येते, तरुण पुरुष पटापट मरतात, पुरुषांची संख्या चौथ्या हिश्श्यावर येते, मग शोगुनच्या गादीवर बायका आणि अंतःपुरात देखणे पुरुष कोंडलेले. आणि गंमत म्हणजे गादीवर बसलेल्या बायकांना दप्तरी नावं पुरुषांचीच लावावी लागतात. सत्ता पूर्ण हातात, पण कागदावर अजूनही पुरुषाचा वेष.

आणि मग येते मिकुरी. त्सुनामी उमिनो यांची मालिका, २०१२ पासून. मिकुरी उच्चशिक्षित, पण कायमची नोकरी नाही, कंत्राटी होती तीही गेली. एका अबोल इंजिनिअरकडे आठवड्यातून एकदा साफसफाईला जायला लागते आणि पुढे घरचे दुसरीकडे राहायला चाललेत म्हटल्यावर तीच सुचवते, आपण लग्न करू, नोकरी म्हणून. तुम्ही मालक, मी कर्मचारी. घरकामाचे तास ठरवून, पगार ठरवून. दोघं अर्थातच प्रेमात पडतात. मग तो खरं लग्न करू म्हणतो, आणि त्या मागणीसोबत हिशोबही मांडतो, की आता तुझा पगार द्यावा लागणार नाही म्हणजे एवढी बचत होईल. मिकुरीचा चेहरा उतरतो. म्हणजे काल जे काम होतं तेच उद्या फुकट, कारण आता प्रेम आहे? हे प्रेमाचं शोषण झालं, असं ती तोंडावर म्हणते. २०१६ मध्ये यावर टीव्ही मालिका आली तेव्हा अख्ख्या जपानमध्ये घराघरांत या वाक्यावरून चर्चा झाली.

ऑस्करला माणूस म्हणून जगण्यासाठी सैन्य, क्रांती आणि हजाराहून जास्त पानं लागली होती. मिकुरी टेबलाशी बसून भांडी कोण घासणार एवढंच विचारते आणि समोरच्या भल्या माणसाला घाम फुटतो. मला तरी तिचा प्रश्न जास्त अवघड वाटतो. इकेदाबाईंना मानधनाबद्दल मिळालेलं उत्तरही हेच होतं ना, की नवरा पोसतो म्हणजे बाईच्या कामाची किंमत कमी. मालिकेच्या पुढच्या भागांत बाळंतपण येतं, बापाची रजा येते, आडनावाचा प्रश्न येतो. जपानमध्ये नवरा-बायकोला कायद्याने एकच आडनाव घ्यावं लागतं आणि साधारण ९५ टक्के जोडप्यांत बायकोच बदलते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हा नियम कायम ठेवला. आपल्याकडे तांदळात अंगठीने नाव लिहितात तो प्रकार निदान सक्तीचा तरी नाही.

अलीकडच्यांत मला सगळ्यात लाडकी आहे पंचाहत्तर वर्षांची एक आजी, काओरी त्सुरुतानी यांच्या मालिकेतली. नवरा गेलेला, घरात सुलेखनाचे वर्ग घेते, एकदा दुकानात चित्र छान आहे म्हणून एक कॉमिक उचलते आणि घरी येऊन बघते तर दोन मुलग्यांची प्रेमकथा. तिला जाम आवडते. दुकानातली शाळकरी मुलगी तिची मैत्रीण होते आणि दोघी व्हरांड्यात बसून चवीने चर्चा करतात. पुढचा भाग दीड-एक वर्षाने येणार म्हटल्यावर आजी हिशोब घालते की आपल्या वयाला अजून किती भाग वाचून होतील. हागिओ-ताकेमियांनी मुलींसाठी म्हणून जे काढलं होतं ते आता आजीच्या मांडीवर येऊन पोचलंय.

कुठून सुरुवात करू म्हणून विचारणाऱ्यांना मी पूर्वी ‘व्हर्सायचा गुलाब’ सांगायचे, त्याचा नवा सिनेमा २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवरही आला त्यामुळे ते सोपं आहे. हल्ली मात्र ‘इग्वाना मुलगी’ सांगते. हागिओबाईंच्या कथांचा इंग्रजी संग्रह २०१० मध्ये निघालाय, त्यात आहे, एका बैठकीत वाचून होते. वाचून झाल्यावर ती आईला द्यायची का, हे ज्याचं त्याने बघावं. मी अजून दिलेली नाही.